साडेदहाला १४०

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय २६. दिवसा औषध कंपनीत पॅकिंगला आणि रात्री डीजे, असं सहा वर्षं चाललंय. सुरुवात वाढदिवस, साखरपुडे, लग्नं यांनी झाली. ती कामं अजूनही पोटासाठी करावी लागतात. गेल्या हंगामापासून हणजूणच्या एका क्लबात दर मंगळवारी साडेनऊ ते साडेअकरा वाजवतो, मग पाहुणा डीजे येतो. घरी रोज तीन तास सराव करतो. दोन गाण्यांचा ताल आपोआप जुळवणारं सिंकचं बटण कधी दाबत नाही, सगळं कानाने जुळवतो. तरी शनिवार मिळाला तो दुसऱ्यालाच. तो माझ्यानंतर दोन वर्षांनी या लायनीत आला, सिंकवर वाजवतो, पण इन्स्टाग्रामवर त्याचे चाळीस हजार फॉलोअर आणि अंगात रुबाब. एक सीनिअर मला म्हणाला, तुझ्यात ॲटिट्यूड नाही, डीजे हसला की स्वस्त होतो. म्हटलं, आता दाखवूनच देऊ. मागच्या महिन्यात साडेदहालाच १४० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १४० ठोक्यांवर नेलं, माझी सगळ्यात भारी गाणी लावली. लोकांना कळायला नको, कोण वाजवतोय? तर मॅनेजर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, खाली आण. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, त्यांना माझं 'बारमधलं काम' पसंत नाही. मेहनतीला काही किंमत आहे की नाही? नोकरी सोडून पूर्णवेळ उतरू, की हेच सोडू? शनिवार मागू का?" (मंगळवारवाला)

प्रिय मंगळवारवाल्या,

तुझ्या पत्रातली खरी गोष्ट तू ओघात लिहून गेलास: साडेदहाला १४०. मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगायला नको होतं, हे खरं. पण सांगितलं ते बरोबर होतं.

म्हापशाला आमचा साउंड भाड्याने द्यायचा धंदा होता. त्यामुळे मी डीजे पाहिले ते बहुतेक पाठीमागून, आणि त्यांच्या खांद्यावरून समोरची माणसं. साडेदहाला समोर कोण असतं, आठवून बघ. नुकतीच जेवून आलेली माणसं. अर्धी बारपाशी, कोणी दाराकडे बघत मित्राची वाट पाहतंय, कोपऱ्यात चौघीजणी बोलताहेत आणि त्यांना एकमेकींचं ऐकू यायला हवं आहे. फ्लोअरवर दोघंच, त्यातला एक वेटर. ह्या लोकांवर तू सायट्रान्सचा वेग सोडलास. त्यांनी काय करायचं? काही बाहेर सिगारेटला गेले असतील, काही शेजारच्या क्लबात. आणि साडेअकराला जो पाहुणा आला, त्याला तू कुठली जागा ठेवलीस? खाली आला तर पार्टी बसते, आणि वर तर काही उरलेलंच नाही. नाचाच्या संगीताचे प्रकार घेतले तर हाउस १२० ते १२८ च्या दरम्यान, टेक्नो त्याच्या पुढे, सायट्रान्स १४० च्या आसपास, हे आकडे तुला तोंडपाठ असणार. पण ते रात्रभरात चढायचे असतात. तू पहिल्या तासातच सगळे खर्च केलेस.

हे शिक्षण तुझ्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे, याची मला गंमत वाटते. बाबांचं मंडळ बसतं तेव्हा सुरुवातीच्या, रूपाच्या अभंगालाच ते द्रुत लय धरतात का? तेव्हा माणसं अजून चपला काढत असतात, कोणी टाळाची दोरी सोडवत असतो. पखवाजी त्या वेळी हात राखून असतो. एकेक अभंग होत जातो, गौळण होते, मागे बसलेले पुढे सरकतात, आणि गजराला सगळं देऊळ उभं राहतं, ते त्याने आधी राखलेल्या हातामुळे. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर भजनी स्पर्धेला कधी बसला असशील तर हेही पाहिलं असशील की पहिल्याच अभंगात सगळी करामत दाखवणारं मंडळ पुढे आपोआप फिकं पडत जातं. वॉर्म-अप सेट, म्हणजे मुख्य डीजेच्या आधीचं तुझं वाजवणं, हाच राखलेला हात. तुला तो कमीपणाचा वाटतो, आणि तुझी अडचण तिथेच आहे.

चांगला वॉर्म-अप वाजवणारे कमी आहेत, कारण त्याला टाळी मिळत नाही. पण क्लबवाल्याला त्याची किंमत कळते. बारचा पहिला दीड-दोन तासांचा गल्ला त्याच्या हातात असतो. म्हणून ह्या हंगामात मंगळवारच वेगळा वाजवून बघ. सुरुवात शंभर-एकशे दहावर, शब्द कमी असलेली गाणी, बास गोल. आवाज फार वाढला की पेटणारा गेनचा लाल दिवा पेटू द्यायचा नाही, आवाजात पुढच्या माणसासाठी जागा सोडायची. पाहुण्याची गाजलेली गाणी त्याच्या आधी तू वाजवायची नाहीत. तो आला की विचारायचं, "किती बीपीएमवर सुरू करणार?" आणि शेवटची दहा मिनिटं त्याच्या जवळ जाऊन थांबायचं. डोळे लॅपटॉपवर नकोत, बारच्या स्टुलांवर ठेव. माणूस बारकडे पाठ करून फ्लोअरकडे तोंड करून बसला, त्याच्या हातातला ग्लास तालावर हलायला लागला, की दोन बीपीएम चढ. हात वर जायची वाट बघू नकोस, पाय आधी बोलतात.

आता सिंकबद्दल. तू कानाने जुळवतोस याचा अभिमान बाळग. मॉनिटर बंद पडला, पडद्यावरचा गाण्याचा आलेख (वेव्हफॉर्म) दिसेना, की तोच कान वाचवतो. पण त्यावरून दुसऱ्याला खाली लेखू नकोस, आणि गोव्यात बसून तर मुळीच नको. ज्या संगीताला जगभर गोवा ट्रान्स म्हणतात ते ह्याच हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांतून घडलं, आणि त्या पार्ट्यांत बीट जुळवणं फारसं नव्हतंच. किनाऱ्यावरच्या उष्णतेत आणि लाल धुळीत विनाइलच्या तबकड्यांचे हाल व्हायचे, म्हणून १९८० च्या दशकात कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, वापरात आल्या. डॅटच्या यंत्रावर गाण्याचा वेग हवा तसा कमीजास्त करायची सोय सहसा नसायची. मग एक गाणं संपता संपता विरत जायचं, दुसरं हळूहळू उगवायचं, आणि कुठल्या गाण्यानंतर कुठलं, ह्यातच सगळं कसब. २०२३ मध्ये वारलेला गोवा गिल, मूळ नाव गिल्बर्ट लेव्ही, त्याच्या चोवीस तासांच्या पार्ट्या डॅटवरच वाजवण्यासाठी ओळखला जायचा. त्याला सिंक येत नव्हतं आणि तुझ्या अर्थाने कानाने जुळवणंही त्याच्या कामाचं नव्हतं. नाचणाऱ्याला ह्यातलं काहीच माहीत नसतं. त्याला पुढचं गाणं योग्य वेळी आलं की नाही, एवढंच कळतं.

म्हणून घरचे ते तीन तास मोडून टाक. एक तास मिक्सिंगला पुष्कळ झाला. एक तास नवीन गाणी ऐकायला आणि ती लावून ठेवायला दे, प्रकारानुसार नको, रात्रीच्या वेळेनुसार: रिकामा फ्लोअर, भरत आलेला, भरलेला, घरी पाठवायचा. तिसरा तास साठवून ठेव आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या क्लबात लवकर जाऊन, एका सोड्यावर, तिथला वॉर्म-अप ऐक. आपला मंगळवारचा सेट रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये ऐक. सकाळच्या उजेडात आपलं वाजवणं फार प्रामाणिक ऐकू येतं. लवकर बदललेली गाणी, उगाच टाकलेले इफेक्ट, सगळं.

शनिवारवाल्याचा हिशेब वेगळा आहे. तो अन्याय आहे का? थोडा आहे. चांगलं वाजवणाऱ्यालाच शनिवार मिळतो असं मी तुला सांगणार नाही, कारण तसं नेहमी होत नाही. शनिवार म्हणजे क्लबचं भाडं, पगार, परवाने, सगळं त्या एका रात्रीवर. चाळीस हजारांतली चाळीस माणसं दारात आली आणि त्यांनी टेबलं घेतली तरी मॅनेजरला झोप लागते. तू अजून कोणाला दारात आणलेलं नाहीस. ह्यात तुझ्या कानाचा अपमान नाही, मॅनेजर एवढंच बघतो की कोणामुळे किती माणसं आली. तुला ते काम जमवायचं असेल तर नाचून दाखवायची गरज नाही. महिन्यातून एक तासाचा नीट रेकॉर्ड केलेला सेट टाक, खाली क्लबचं नाव आणि वार. बास. तोही सूर्यास्ताचा असेल तर उत्तम, त्याबद्दल खाली लिहिते.

'डीजे हसला की स्वस्त होतो' म्हणणाऱ्या सीनिअरला माझा नमस्कार सांग. आमच्या गोदामातून सामान कोणाला लवकर मिळायचं आणि कोणाचा फोन आम्ही उचलायचो नाही, हे त्याला माहीत नसणार. ह्या धंद्यात रुबाब लोक फोटोत बघतात. काम मिळतं ते दुसऱ्यांनी तुझ्याबद्दल तुझ्यामागे काय सांगितलं त्यावर, आणि सांगणारे कोण? साउंडवाला, बारवरचा मुलगा, तुझ्या आधी आणि नंतर वाजवणारा. वेळेआधी अर्धा तास पोचणं, साउंडवाल्याचं नाव माहीत असणं, पेनड्राइव्ह दोन आणि दोन्ही आदल्या दिवशी तपासलेले. फॉरमॅट एफएटी ३२ ठेव, जुने प्लेअर दुसरं काही वाचताना हटून बसतात. उतरताना आधीच्या माणसाचा पेनड्राइव्ह चुकून ओढून काढायचा नाही. हसू नकोस, हे खरंच होतं, आणि चालू गाणं मध्येच अडकून बसतं ते तीनशे लोकांसमोर.

फर्माइशी येणार. टेक्नोच्या मध्यात कोणीतरी मोबाइलवर पंजाबी गाणं मोठ्या अक्षरात लिहून तुझ्या डोळ्यांसमोर धरणार. त्याच्यावर तोंड वाकडं केलंस तर तो जाऊन मॅनेजरला सांगेल आणि तू त्या रात्री खरोखरच स्वस्त होशील. हसून मान हलव, 'बघतो' म्हण, आणि आपलं काम चालू ठेव. पाच मिनिटांनी तो विसरलेला असतो.

लग्नांना तू पोटासाठीची कामं म्हणालास. लग्नाचा हॉल हा मला क्लबपेक्षा कठीण वाटतो. एका हॉलात आजी, सातवीतली मुलं, नवऱ्याचे दुबईहून आलेले मित्र आणि मांडवात कोपऱ्यात बसून तोंड पाडलेले काका. ह्या सगळ्यांना एकाच रात्रीत उठवणारा माणूस क्लबात कुठेही उभा राहू शकतो. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दक्षिण गोव्यातल्या मोठ्या हॉटेलांत बाहेरगावची लग्नं होतात, तिथे शनिवारच्या क्लबपेक्षा बरा पैसा मिळण्याची शक्यता आहे. हे काम नावाखाली लपवू नकोस.

आता दहाचा प्रश्न, जो गोव्यातल्या डीजेला टाळता येत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षातल्या पंधरापर्यंत दिवशी बारापर्यंत सवलत देता येते, तेवढीच. बंद, आवाज बाहेर न जाणाऱ्या हॉलला वेगळं. किनाऱ्यावर नियम किती पाळला जातो ते तू माझ्यापेक्षा जास्त बघतोस. पण हणजूण-वागातोरची माणसं झोप मिळावी म्हणून उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत, आणि मला ती सगळी हौसेने भांडणारी वाटत नाहीत. तिथे आजारी माणसं आहेत, परीक्षेची मुलं आहेत. तू डिचोलीला घरी जाऊन झोपतोस, त्यांना तिथेच झोपायचं असतं. बास खाली घे म्हणून सांगायला कोणी आलं तर घे. शिवाय छापा पडला तर सामान जप्त होतं, ते भाड्याचं असतं आणि नाव तुझं असतं.

ह्याच नियमामुळे गोव्यात एक खास जागा तयार झाली आहे, ती तू बघितलेली दिसत नाही. सूर्यास्ताचा सेट. चार-पाचला सुरू, दहाला बंद, दहाच्या नियमात बसणारा. मोरजी, आश्वे, हरमलच्या बाजूला त्यासाठी माणसं मुद्दाम येतात. तिथे सुरुवातीला पुस्तक वाचणारे, पोहून ओले आलेले, आणि दहाला सगळे उभे नाचताहेत, असं न्यायचं असतं, पाच तासांत, एकट्याने. पाहुणा नाही, वॉर्म-अप नाही, शनिवारचा थाट नाही. ज्याला हळू चढता येतं त्याच्यासाठी ह्याहून चांगली शाळा नाही. आणि संपवून तू अकराला घरी, सकाळच्या शिफ्टला ताजा.

नोकरी सोडायची का? आता नको. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, ओढूनताणून मे. किनाऱ्यावरच्या झोपड्यांची हॉटेलं, म्हणजे शॅक, मेअखेर मोडतात, पुढचे चार महिने पाऊस. ज्या वर्षी ह्या चार महिन्यांचा घरखर्च फक्त डीजेच्या पैशातून मार्चअखेर बाजूला पडला असेल, त्या वर्षी पुन्हा पत्र लिही. तोवर मानधन, वेळ, कन्सोल (वाजवायचं यंत्र) कोणाचा, आणि पोलिसांनी मध्येच बंद केलं तर किती देणार, हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घेत जा, अर्धे आगाऊ. 'नाव होईल' म्हणून फुकट बोलावणाऱ्याला सरळ विचार, वेटरही नावासाठीच येतात का? फुकट मिळणारे पेग घेऊ नकोस. म्हापशामार्गे डिचोलीपर्यंत रात्री दोनला स्कूटर तुलाच चालवायची आहे.

कानांचं थोडक्यात. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो असं धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ अर्धा. ह्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तू दोन तास उभा असतोस. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते घे. तुझं सगळं भांडवल त्या दोन कानांत आहे. आणि कुठल्याही नव्या जागी कन्सोल लावायच्या आधी बाहेर जायची दुसरी वाट कुठे आहे ते स्वतः चालून बघ, तिच्यासमोर खोकी रचलेली असतील तर मॅनेजरला सांग. २०२५ च्या डिसेंबरात हडफड्याच्या क्लबातल्या आगीत २५ माणसं गेली, त्यात बहुतेक तिथे कामाला असलेली. डीजेही तिथे कामाला असलेलाच माणूस.

बाबांचं. त्यांना क्लब पटवून द्यायला जाऊ नकोस, आणि मध्यरात्री तिथे नेऊ तर नकोच. त्यांची काळजी बहुधा संगीताची नसून दारूची, रस्त्याची आणि लोक काय म्हणतील याची आहे. पहिल्या दोन गोष्टी तुझ्या हातात आहेत. तिसऱ्यासाठी, ते गाण्यातले आहेत म्हणून सांगते, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्या आपल्याच मातीतल्या बायकांच्या तरुणपणी बैठकीत गाणाऱ्या बाईला लोक काय म्हणत, ते त्यांना ठाऊक असेल. १९७७ मध्ये केसरबाईंची भैरवी व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली. तुझा मंगळवार तिकडे जाईल असं मी म्हणत नाही, पण जागेवरून गाणं मोजू नये, एवढं ते मान्य करतील. त्यांच्याकडून एक काम मात्र करून घे. सूर्यास्तासाठी बांधलेला एक तासाचा सेट त्यांना ऐकव, गाणी सोडून फक्त लय कुठे घाईत गेली ते सांगा म्हण. पखवाज्याइतका नेमका कान तुला हणजुणात फुकट मिळणार नाही.

राहिला शनिवार. माग, पण मधले, ऐन गर्दीचे तास मागू नकोस. मॅनेजरला असं सांग: "त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. पुढचे चार मंगळवार बघा. पटलं तर शनिवारचे पहिले दोन तास मला द्या, मुख्य माणूस तुमचा तोच राहू दे." हे मंगळवारी, क्लब उघडायच्या आधी, तो कोल्ड्रिंकचे क्रेट मोजत असेल तेव्हा सांग. शनिवारी रात्री त्याला काही सांगून उपयोग नसतो. नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नकोस, मंगळवार चालू ठेव, आणि पावसाळा ओसरायच्या आत, ऑगस्ट-सप्टेंबरात, मोरजी-आश्व्याच्या जागा हंगामाची माणसं ठरवायला लागतील तेव्हा तो एक तासाचा सेट घेऊन दुपारी जाऊन ये. गणपतीच्या दिवसांत मात्र तिथे कोणी भेटणार नाही, सगळे गावी असतात.